ऑपरेशन मुंबई-पुण्यात, जिवावरची वेळ माहूरात

माहूरकरांनो, विषय थोडा वेगळा आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

वजन कमी करायचं ऑपरेशन २०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत करून घेतलं, तेव्हा त्याची केवढी चर्चा झाली होती! आता त्याच्या जाहिराती आपल्या मोबाईलवर येतात. ऑपरेशनला माझा विरोध नाही. शुगर, बीपी, गुडघे यांनी बेजार झालेल्या कित्येकांना त्यानं खरंच आराम पडतो. माझा सवाल डिस्चार्जनंतरचा आहे.

जठर कापून टाके घातलेले असतात. त्यातून गळती झाली तर ती बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांत होते, म्हणजे पेशंट गावी आल्यावर. बायपास केलेल्याचं आतडं तर वर्षा-दोन वर्षांनीही आतल्या आत अडकू शकतं. रात्री दोनला कळ आली की तो मुंबईला पळणार का? तो इथल्याच दवाखान्यात येणार.

आणि आपल्याकडे पोटदुखीवरचा ठरलेला उपाय काय? "ॲसिडिटी असेल." एक डायक्लोचं इंजेक्शन, एक ग्लुकोजची बाटली, सकाळी बघू. या पेशंटला नेमकं हेच महागात पडतं. डायक्लोसारख्या औषधानं बायपासच्या जोडावर व्रण होतो, तो फुटूही शकतो. कित्येक दिवस उलट्या चालू असतील तर अंगातलं बी-१ जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. नाकातून नळी अंदाजानं घालायची नसते. ताप नाही, पोट कडक नाही, म्हणून घरी धाडायचं नसतं. नाडी सतत १२० च्या वर पळतेय, हीच धोक्याची खूण.

यातल्या कशाला कोटीची मशीन लागते? माहिती लागते. ती द्यायची जबाबदारी ऑपरेशन करणाऱ्यांची. पॅकेज सांगताना गोड मराठी, आणि डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत! काही बिघडलं की "पेशंटनं पथ्य पाळलं नाही" म्हणून हात वर. हे चालणार नाही.

सरकारही सुटत नाही. तातडीचे उपचार देणं हे सरकारचं घटनात्मक कर्तव्य आहे, पैशाची सबब चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ सालीच सांगितलंय.

म्हणून मागण्या साध्या आहेत:

१) प्रत्येक पेशंटला मराठी कार्ड: कोणतं ऑपरेशन, कधी झालं, काय द्यायचं नाही, आणि रात्रीही उचलला जाणारा सर्जनचा फोन नंबर.

२) प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात या पेशंटसाठी एक पानाची सूचना भिंतीवर, आणि बी-१ चं इंजेक्शन कपाटात.

३) रेफर करण्याआधी पुढच्या दवाखान्याला फोन. नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, यवतमाळ त्याहून बरंच जवळ. १०८ ची गाडी जिल्ह्याची हद्द बघून नाही, अंतर आणि सर्जन बघून निघाली पाहिजे.

आणि घरच्यांनो, लोक हसतील म्हणून ऑपरेशन लपवू नका. डॉक्टरसमोर गेल्यावर पहिलं वाक्य तेच सांगा. पोटावरच्या चार-पाच बारीक व्रणांवरून आत काय कापलंय, काय जोडलंय, ते रात्रपाळीच्या डॉक्टरला कसं कळणार?

पटलं तर आपल्या आमदारांपर्यंत पोचवा. पटलं नाही तर खाली लिहा, बोलू.