वाळूचा रंग

जर्मनीत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावाने गेल्या आठवड्यात पाच छायाचित्रे धाडली आणि सोबत विचारले, "दादा, १९४२ सालची लष्करी मोटारसायकल आहे, साईडकारसकट, बयाणा देऊ का?" विक्रेत्याच्या मजकुरानुसार ही बीएमडब्ल्यूची 'आर ७५', आफ्रिकेच्या वाळवंटात लढून आलेली, आणि आता जीर्णोद्धार होऊन, वाळूच्या रंगाचा तुकतुकीत लेप लेवून विक्रीस सिद्ध झालेली.

लहानपणी वडिलांच्या स्कूटरच्या डाव्या अंगाला जोडलेल्या साईडकारमध्ये, आईच्या मांडीवर बसून, मी बरेच पुणे पाहिले. त्यामुळे उजवीकडे लटकलेला हा डबा प्रथमदर्शनी चुकल्यासारखा वाटला, परंतु उजव्या बाजूने वाहने हाकणाऱ्या मुलखात तो तिकडेच असायचा. खटकले ते निराळेच. आर ७५ च्या इंजिनाचे व्हॉल्व्ह सिलिंडरांच्या माथ्यावर असल्यामुळे दोन्ही टोकांना फुगीर झाकणे असतात. इथे भिंग लावून पाहिले तरी टोके चपटीच. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस स्प्रिंगच्या उभ्या नळ्या होत्या, ज्या आर ७५ ला नसतात. आणि साईडकारच्या चाकाला गती देणारा जो आडवा दांडा तिला असतो, तो मात्र इथे बेपत्ता!

ही होती सोव्हिएत 'एम ७२': बीएमडब्ल्यूच्याच अगोदरच्या 'आर ७१' ची नक्कल, ७४६ घन सेंटीमीटरची, २२ अश्वशक्तीची. १९४१ साली जर्मन फौजा मॉस्कोच्या रोखाने सरकू लागल्या, तेव्हा तेथील कारखाना उरल पर्वतापलीकडे इर्बीत गावी हलविला गेला, बिअर गाळण्याच्या एका इमारतीत त्याने बिऱ्हाड थाटले, आणि १९४२ च्या फेब्रुवारीत, हिमाच्या ऐन राज्यात, तेथील गाड्या रणांगणाकडे निघाल्या. ज्या सैन्याशी झुंजण्यासाठी तिची जात जन्मास आली, त्याचाच पोशाख तिच्या अंगावर चढविण्यात आला, तो जर्मन म्हटल्यावर दाम चढतो एवढ्याच सबबीवर. शिवाय युद्ध संपल्यावरही ही गाडी वर्षानुवर्षे तयार होत राहिली. तेव्हा मजकूर गाडीने तोफेचा आवाज तरी ऐकला असेल की नाही, देव जाणे. माझ्या मते एम ७२ हा मुळीच कमअस्सल जिन्नस नव्हे. कमअस्सल आहे ती वाळू.

मावसभाऊ पुन्हा जाऊन आला. साईडकारच्या तळाशी नाण्याने खरवडले तेव्हा खालून गडद हिरवा रंग निघाला, आणि विक्रेत्याने एकाएकी घड्याळात पाहिले. "गाडी घेतोच आहे दादा, पण रशियन भावात," असे त्याचे काल पत्र आले. तळटीपेत चौकशी केली आहे की, हा वरचा लेप उतरवायला काय वापरावे.