भ्रमाचा भोपळा आणि वर्गातला भोपळा

मराठी भाषेने भोपळ्याला फारशी प्रतिष्ठा दिलेली नाही. परीक्षेत शून्य गुण पडले की भोपळा मिळाला, दोघांचे पटत नसले की विळ्या-भोपळ्याचे सख्य, आणि खोटी समजूत कोसळली की भ्रमाचा भोपळा फुटला. म्हातारीला पोटात घेऊन वाघ-कोल्ह्यांच्या तावडीतून सोडवणारा गोष्टीतला भोपळा तेवढा मुलांच्या बाजूने उभा राहिला. अशा या फळावर शाळेच्या स्मरणिकेत लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. तथापि बालशिक्षणाविषयी आम्हांला जे सांगावयाचे आहे ते सांगण्यास भोपळ्यासारखी सोयीची वस्तू दुसरी नाही, अशी आमची खात्री आहे.

ऑक्टोबर महिना आला की शहरांतील अनेक इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गांत नारिंगी कागदाचे भोपळे भिंतीवर चढतात. आपले माजी विद्यार्थी आज महानगरांत आणि परदेशांतही स्थिरावले आहेत. त्यांच्या मुलाबाळांच्या चित्रवह्यांतून हे भोपळे गावापर्यंत पोहोचतात. ही प्रथा मूळ अमेरिकेची. तेथे सप्टेंबर ते नोव्हेंबर हा पानगळीचा ऋतू. शेतातला भोपळा याच काळात पिकतो आणि ३१ ऑक्टोबरला हॅलोविनचा सण येतो. आपल्याकडील बालवर्गांनी त्यातला नारिंगी कागद उचलला, कोरलेला चेहरा उचलला, भुताचा पोशाख उचलला. जे उचलायला हवे होते ते मात्र तेथेच राहिले.

तेथील चांगल्या बालवर्गात या ऋतूत काय घडते ते पाहावे. मुलांना भोपळ्याच्या शेतावर नेतात. अख्खा भोपळा वर्गात आणून मधोमध ठेवतात आणि आधी प्रश्न विचारतात. याचे वजन किती असेल? आत बिया किती असतील? पाण्यात सोडला तर बुडेल की तरंगेल? प्रत्येक मूल आपला अंदाज सांगते, बाई तो फळ्यावर लिहितात आणि मग सर्वांसमक्ष पडताळा होतो. अंदाज चुकला म्हणून कोणी रागावत नाही. चार-पाच वर्षांचे मूल येथे भोपळ्याविषयी जे शिकते ते थोडके आहे. आपले म्हणणे तपासून पाहावे लागते, हे मात्र ते कायमचे शिकते.

या पद्धतीची मुळे जुनी आहेत. जॉन ड्युई या तत्त्वज्ञाने १८९६ साली शिकागो विद्यापीठात एक प्रयोगशाळा-शाळा काढली. तेथे मुले स्वयंपाक करीत, विणकाम करीत, लाकूडकाम करीत आणि त्या कामांतून गणित, विज्ञान व इतिहास शिकत. पुढे हेच ड्युई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९१३ साली तेथे दाखल झालेल्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला त्यांचे मार्गदर्शन लाभले. जातिनिर्मूलनावरील १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात बाबासाहेबांनी ड्युई यांचा आपले गुरू म्हणून कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. त्याही आधी, १८८२ साली, महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे आणि प्रत्यक्ष शिक्षणासाठी शाळेला लहानसे नमुना-शेत जोडावे, अशी मागणी केली होती. तेव्हा वर्गात भोपळा आणणे ही परक्यांची नक्कल आहे, असे आम्हांला वाटत नाही. ती आपल्याच विचारपरंपरेतील एक राहून गेलेली गोष्ट आहे.

येथे पालकांचा एक आक्षेप आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. आमच्या पिढ्या राबण्यात गेल्या, लेकरांच्या हाती पुस्तक यावे म्हणून पोटाला चिमटा काढून त्यांना वसतिगृहात ठेवले, आणि तुम्ही त्यांच्या हाती भाजी देता? या आक्षेपाला हसणाऱ्यांनी इतिहास वाचावा. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांच्या सरकारने प्राथमिक शाळेचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. चांभाराच्या मुलाने चामडे आणि कुंभाराच्या मुलाने चाक, हाच तिचा अर्थ होता. लोकांनी तिला कुलशिक्षणाची योजना म्हणून कडाडून विरोध केला आणि १९५४ साली ती रद्द झाली. ‘हाताने शिका’ असा उपदेश आपल्याला करणाऱ्यांपैकी काहींच्या मनात ‘हातानेच जगा’ असे असते, हे पालकांनी ओळखले आहे. त्यांची शंका रास्त आहे.

म्हणूनच भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. ड्युई यांच्या शाळेतील मुले आचारी होण्यासाठी स्वयंपाक करीत नव्हती. आपल्या वर्गात भोपळा यावा तो मुलांना माळी करण्यासाठी नव्हे. हाताला काम देऊन डोक्याला सुट्टी देणारे शिक्षण आणि हाताच्या साह्याने डोक्याला प्रश्न विचारायला लावणारे शिक्षण, या दोन परस्परविरोधी गोष्टी आहेत. पहिले आपल्याला जातीने पुष्कळ दिले. दुसरे अद्याप पुरेसे मिळालेले नाही. पुस्तक तर हवेच. परंतु पुस्तकात जे छापले आहे ते खरे का, असे विचारण्याचे धैर्य नुसत्या पाठांतरातून येत नाही.

आता या फळाचा इतिहास पाहा. लाल भोपळा आपल्या स्वयंपाकघरात इतका रुळला आहे की तो परदेशी असेल असे कोणास वाटत नाही. वास्तविक त्याचे मूळ अमेरिका खंडात आहे. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात गिला नाकित्झ नावाची गुहा आहे. तेथे सापडलेल्या भोपळावर्गीय लागवडीच्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. मका, घेवडा आणि भोपळा ही तीन पिके तेथील मूळ रहिवासी एकत्र लावीत. मक्याच्या ताटाचा घेवड्याला आधार, घेवड्याच्या मुळांमुळे जमिनीला नत्र, आणि भोपळ्याच्या रुंद पानांमुळे ओल टिकून राहते व तण दबते. उत्तर अमेरिकेतील हौडेनोसॉनी लोक या पिकांना तीन बहिणी म्हणतात. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग यांच्याप्रमाणेच हा भोपळाही समुद्र ओलांडून जगभर गेला. अमुक अन्न आमचे शुद्ध, अमुक बाहेरचे, अशी भाषा करणाऱ्यांच्या ताटातून या वस्तू काढून घेतल्या तर त्यांना जेवणे कठीण होईल. आणि ज्यांनी हे अन्न जगाला दिले त्यांच्या मुलांना १८७९ पासून पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील निवासी शाळेत नेऊन केस कापायला लावले, मातृभाषा बोलण्यास बंदी केली. निवासी शाळा मुलाला माणूस म्हणून उभे करू शकते, तशीच त्याची ओळख पुसूही शकते. निवासी शाळा चालवणाऱ्या आपण हे विसरू नये.

भोपळ्याची दुसरी गोष्ट भीतीची आहे. हॅलोविनला दुष्ट शक्तींना पळवण्यासाठी चेहरा कोरून आत दिवा लावण्याची चाल आयर्लंडमध्ये सलगमाच्या कंदावर चालत असे. तेथून स्थलांतरित झालेल्यांना अमेरिकेत मोठा, पोकळ, कोरायला सोपा भोपळा मिळाला. आपल्याकडे भोपळ्याचाच भाऊबंद असलेला पांढरा कोहळा नजर लागू नये म्हणून दारावर टांगतात, नव्या गाडीपुढे फोडतात. अख्ख्या भोपळ्याला पहिला घाव बाईने घालू नये, अशी समजूतही अनेक घरांत आहे. दोन खंड, दोन संस्कृती, पण भय एकच. ज्या समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात असल्या भयाचा त्याग केला, त्या समाजाच्या मुलांनी ऑक्टोबर महिन्यात भुताचा पोशाख घालावा, याचे आम्हांला वाईट वाटते. त्याऐवजी बाईंनी वर्गात सर्वांसमक्ष भोपळा चिरावा आणि मुलामुलींनी आत डोकावून पाहावे. आत गर आहे, तंतू आहेत, बिया आहेत. दुसरे काही नाही. भ्रमाचा भोपळा फुटणे याहून अधिक शब्दशः कसे घडणार?

अशा पाठासाठी खर्च जवळजवळ नाही. पावसाळ्याच्या आरंभी शाळेच्या कुंपणाशी चार बिया लावल्या तर आश्विन-कार्तिकात फळे हाती येतात. वेलीवर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी असतात. मादीफुलाखाली इवलासा भोपळा आधीपासूनच दिसतो. फुले पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, म्हणून वसतिगृहातील मुलांना सकाळीच वेलीपाशी न्यावे. मधमाशीने परागकण नेले नाहीत तर तो इवला भोपळा पिवळा पडून गळतो, हे मुलांना तेथेच दिसेल. पिकलेले फळ भोजनगृहाच्या तराजूवर तोलावे. दोऱ्याने त्याचा घेर मापून तो दोरा जमिनीवर ताणावा. हौदात सोडावे, ते तरंगेल, आणि पोहायला शिकताना पाठीला वाळलेला भोपळा का बांधीत असत, हे आजोबांना विचारायला मुले सुट्टीत घरी जातील. बियांचे दहा-दहांचे ढीग करावेत. एकक, दशक, शतक फळ्यावर समजत नाहीत ते या ढिगांत समजतात. मोठ्या भोपळ्यात बिया अधिक असतात का, हा प्रश्न मुलांनीच सोडवावा.

काही बिया ओल्या फडक्यात बांधून अंकुर पाहावा. गराची एक फोड काचेच्या बरणीत झाकून ठेवावी आणि तिच्यावर बुरशी कशी चढते याचे रोज चित्र काढावे. अनित्यतेचा पाठ याहून सोपा नाही. उरलेल्या गराचे घारगे करावेत. खाताना सांगावे की हा नारिंगी रंग बीटा-कॅरोटीनचा, शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते आणि ते फार कमी पडले तर रातांधळेपणा येतो. जगात स्पर्धेसाठी वाढवलेला भोपळा १,२०० किलोंहूनही अधिक भरला आहे, हे ऐकून मुले डोळे विस्फारतील. मग आपल्या वर्गातील सर्व मुलांचे वजन मिळून तेवढे होते का, याची बेरीज त्यांना करू द्यावी. आणि भाषेचा तास? तांबडा भोपळा, डांगर, काशीफळ, गंगाफळ, कोहळं, असे ज्याच्या घरी जे म्हणतात ते सर्व शब्द फळ्यावर लिहावेत. कोणाच्याही आईचा शब्द अशुद्ध नाही, हे पहिलीतल्या मुलाला त्या दिवशी कळेल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ या वयोगटासाठी खेळ व कृती यांतून शिक्षण सांगितले आहे. परंतु धोरणाची वाट पाहण्याचे आपल्याला कारण नाही. रोजच्या वंदनेत आपली मुले धम्माचा एक गुण उच्चारतात: एहिपस्सिको, म्हणजे ये आणि स्वतः पाहा. हा शब्द त्यांना तोंडपाठ आहे. त्याचा अर्थ त्यांच्या हाताला कळावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला भेट देताना चार चांगल्या बिया, एक तराजू, दोन-तीन भिंगे आणावीत. आणि पालकांनी सुट्टीत घरी आलेल्या लेकराला किती गुण पडले हे विचारण्यापूर्वी, या वेळी तू काय पाहिलेस, हे विचारावे. त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.