वढूचे ऋण, चाकणची उपेक्षा

सन २०११-१२ मध्ये दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळील वढू परिसरात ६,७९९ तान्ह्या बाळांवर रोटाव्हायरसच्या स्वदेशी लशीची चाचणी झाली. डॉ. महाराज किशन भान व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या तपश्चर्येचे ते फलित. पहिल्या वर्षातील रोटाव्हायरसचा तीव्र अतिसार तिने निम्म्याहून अधिक रोखला. वढूच्या मातांचे हे ऋण देशावर आहे.

२०१९ पासून या विषाणूवरील लस महाराष्ट्रातही सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात विनामूल्य मिळते. पण शेजारच्या चाकणचे काय? ठेकेदार बदलला की मजुराचे बिऱ्हाड हलते, बाळाची नोंद मात्र जुन्याच गावी राहते. दुसरा डोस चुकला, तर शोधायचे कोणी? कामगारांना नेण्यासाठी कंपनीची बस पहाटे वस्तीच्या तोंडाशी येते; लसीकरणाचे पथक मात्र आई पाळीवर असतानाच का यावे?

वर उपदेश, हात धुवा! नोव्हेंबर २०१९ पासून जेथे महापालिकेने पाणी दिवसाआड केले, तेथे हा उपदेश कोणाला? आणि स्वच्छतेने हा विषाणू पुरता हटतही नाही. प्राधिकरणातील नीटनेटक्या सदनिकेतही तो शिरतोच. तेथील सुशिक्षित पालक डॉक्टरांकडे प्रतिजैविकाचा हट्ट धरतात. विषाणूवर त्याचा काडीचा उपयोग नाही. बाळ दगावते ते शरीरातील पाणी आटल्याने. त्यावर जलसंजीवनी, चौदा दिवस झिंक आणि अखंड स्तनपान हाच उपाय आहे. खोली भाड्याने देणाऱ्या घरमालकाने भाडेकरूच्या बाळाचे लसीकरण कार्ड एकदा मागून पाहावे.