उंचीची वर्गणी



गेल्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे राहायला आली होती. एका शनिवारी लेकीला ‘सिल्क’च्या क्लासला सोडायचं होतं, म्हणून आईलाही बरोबर नेलं. जुनं गोदाम, कडेला लाकडी बाक, खाली जाड गाद्या आणि छताच्या तुळयांपासून लोंबणारी रंगीत कापडं. लेकीने जांभळ्या कापडाला पायाचा वेढा घातला आणि बघता बघता ती दोन पुरुष उंच चढली. मी नेहमीप्रमाणे श्वास रोखून बसले. आई मात्र पुढे झुकून म्हणाली, “पकड बरोबर आहे हिची. पण अढी सैल पडतेय.”

माझी आई साताऱ्याच्या शाळेत चार वर्षं दोरीचा मल्लखांब करत होती, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी इंग्लंडातल्या एका गोदामात कळलं.

ते गोदाम आता जाणार आहे. भाडेकरार संपतोय आणि मालकाला तिथे फ्लॅट बांधायचे आहेत. तिथे हे क्लास चालवणारं केंद्र नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे. तिने जवळच वापरात नसलेलं एक जुनं चर्च पाहून ठेवलंय आणि त्यासाठी निधी उभारायला सुरुवात केली आहे. या अंकाचं संपादकीय त्या निधीबद्दल आहे.

पहिला प्रश्न साहजिक आहे. व्यायामाला जागाच हवी ना, मग शाळेचा हॉल का चालत नाही? गावात हॉल भरपूर असतात, पण त्यांना उंची नसते. कापडावर वर जाऊन वेढे सोडत खाली यायचं, तर पाच-सहा मीटर मोकळी उंची लागते. बॅडमिंटनच्या हॉलला ती असते, पण त्याचं छप्पर स्वतःचा भार पेलण्यापुरतं बांधलेलं असतं. तीस किलोची मुलगी वेढा सोडून झपकन खाली येते आणि मध्येच थांबते, तेव्हा वरच्या हुकाला क्षणभर तिच्या वजनाच्या कित्येक पट हिसका बसतो. म्हणून छताला पोलादी तुळया लागतात, इंजिनिअरचा दाखला लागतो. माणसं पेलणाऱ्या साधनांची १९९८च्या ब्रिटिश नियमांप्रमाणे दर सहा महिन्यांनी कसून तपासणी व्हावी लागते. गोदामातल्या प्रत्येक साखळीला तपासणीचा बिल्ला आहे. आईने चष्मा लावून तो वाचायचा प्रयत्न केला होता.

म्हणूनच या देशात ही कला जुन्या, उंच वास्तूंमध्ये घर करते. लंडनच्या हॉक्स्टनमध्ये शहरातला कचरा जाळून वीज करणारं एकोणिसाव्या शतकातलं केंद्र होतं, तिथे आज नॅशनल सेंटर फॉर सर्कस आर्ट्स आहे. ब्रिस्टलमध्ये ‘सर्कोमीडिया’ने पोर्टलंड स्क्वेअरमधलं सेंट पॉल्स हे अठराव्या शतकातलं चर्च आपलंसं केलं. शेफील्डची ‘ग्रीनटॉप’ही एका जुन्या चर्चमध्येच वाढली. प्रार्थनेसाठी बांधलेली उंची झुल्यांच्या कामी आली आणि वास्तू पडीक राहण्यापासून वाचल्या.

मल्लखांबाला उंच छपराचा हा प्रश्न फारसा पडला नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या नव्याने उभी केली. पुढे पुरलेल्या खांबाच्या जोडीला वेताचा मल्लखांब आला, आणि वेताची जागा सुती दोरीने घेतली. दोरी टांगायला भक्कम आडवा आधार असला की झालं. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे सरांनी पिढ्यान् पिढ्या मुलं घडवली. २०१९ साली पहिली जागतिक स्पर्धाही शिवाजी पार्कलाच झाली आणि २०२४ मध्ये सरांना पद्मश्री मिळाली. तिथे मैदान आहे आणि वरचं आभाळ फुकट आहे. इथल्या पावसात आभाळाला छप्पर घालावं लागतं, आणि छपराला पैसे पडतात.

आता दुसरा प्रश्न. तो आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीच्या बैठकीतही निघाला, आणि तो गैर नाही. “आपलं मंडळ अजून भाड्याच्या हॉलमध्ये गणपती बसवतं. आधी आपली वास्तू, मग दुसऱ्यांची.” मला वाटतं, भाड्याच्या हॉलचं दुखणं ज्याला ठाऊक आहे, त्यालाच या केंद्राची अडचण पटकन कळावी. रात्री दहाच्या आत मखर सोडवून गाडीत कोंबणं आपण दरवर्षी करतो. शिवाय एक देणं बाकी आहे. गेल्या गणेशोत्सवात मुलांनी दोरीच्या मल्लखांबाचं छोटं प्रात्यक्षिक केलं, तेव्हा गाद्या, हलवता येणारी चौकट आणि ती उभारणारी दोन माणसं या केंद्राने दिली. भाडं विचारलं, तर हसून “मोदक द्या” म्हणाले.

तरीही एक गोष्ट स्पष्ट करते. मंडळाच्या खात्यातला पैसा या कामाला जाणार नाही. तो सभासदांनी मंडळाच्या कामांसाठी दिलेला आहे आणि त्यासाठीच राहील. ज्याला द्यायचं त्याने स्वतःच्या खिशातून, थेट केंद्राच्या निधीत द्यावं.

देताना ‘गिफ्ट एड’च्या चौकटीत खूण करायला विसरू नका. तुम्ही इथे आयकर भरत असाल, तर तुमच्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी पंचवीस पेन्स मिळतात. शंभर दिले की एकशे पंचवीस पोचतात. मात्र सगळ्या संस्थांना मिळून तुम्ही जेवढं देता, त्यावर परत मागितली जाणारी रक्कम त्या वर्षी भरलेल्या करापेक्षा जास्त होता कामा नये. नाहीतर फरक तुमच्याकडून वसूल होतो. भारतातून भेटीला आलेले, इथे कर न भरणारे आईबाबा ही खूण करू शकत नाहीत. आणि गणेशोत्सवात आपण केंद्रासाठी मोदकांचा स्टॉल लावणार आहोत, तिथले पैसे ‘गिफ्ट एड’मध्ये धरले जात नाहीत, कारण पैशाच्या बदल्यात तुम्हाला मोदक मिळालेला असतो.

मोठे देणगीदार मिळाले तर उत्तमच. पण आपल्याला सवय आहे वर्गणीची. पावतीपुस्तक घेऊन जिने चढायचे, अकरा रुपये देणाऱ्याचंही नाव नीट लिहायचं आणि उत्सव संपला की जमाखर्च फळ्यावर लावायचा. वर्गणी देणाऱ्याला हिशोब विचारायचा हक्क असतो, म्हणून ते काम त्याला आपलं वाटतं. या केंद्रालाही आपण ते द्यावं: थोडे थोडे पैसे, पुष्कळ नावं आणि हिशोबाचा आग्रह.

क्लास संपल्यावर आईने त्या दिवशी कमरेच्या बटव्यातून वीस पौंडांची नोट काढून शिक्षिकेच्या हातात ठेवली. ती आभार मानू लागली. आईने मान हलवली आणि मला मराठीत विचारलं, “पावती कोण देतं इथे?” पावतीपुस्तक नव्हतं. शेवटी शिक्षिकेने वहीचं पान फाडून आईचं नाव, रक्कम आणि तारीख लिहिली आणि खाली सही केली. तो कागद साताऱ्याला गेला. देव्हाऱ्याच्या खणात, गणपतीच्या वर्गणीच्या पावत्यांबरोबर ठेवलाय, असं आईने फोनवर सांगितलं.

आपली,
संपादक