पंप बदलेल, परावलंबनाचे काय?

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो आणि त्यापायी वर्षाला १३० अब्ज डॉलरच्या आसपास मोजतो. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागले तेव्हा मिळालेला दिलासा वाढत्या मागणीने केव्हाच गिळला. शिवाय हा हिशेब केवळ डॉलरचा नाही. २०२२ नंतर रशियाचे तेल सवलतीत मिळू लागले म्हणून आपण ते घेतले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच कारणावरून अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क लादले. तेल खरेदीचा निर्णय झाला दिल्लीत, झळ पोचली सुरतच्या हिरे कारागिरांना आणि तिरुपूरच्या कापड कामगारांना. तेव्हा तेलाला पर्याय हवा, याबद्दल दुमत नाही. वाद व्हायला हवा तो पर्याय विकत आणायचा की घडवायचा, यावर. आणि तोच होताना दिसत नाही.

पर्याय म्हटला की सौर पॅनेल डोळ्यांपुढे येतात. पण आपल्याकडे तेलापासून वीज जवळपास बनतच नाही. तेल जळते ते ट्रक, ट्रॅक्टर, मोटारी आणि दुचाकींमध्ये. त्यामुळे सौर वीज कोळशाची जागा घेईल. तेलाची जागा घ्यायची तर ती वीज स्वस्तात आणि सुरक्षितपणे गाडीत साठवता आली पाहिजे. म्हणजे खरा प्रश्न बॅटरीचा, मोटरमधल्या चुंबकाचा आणि जड वाहनांसाठी कदाचित हायड्रोजनचा आहे. नेमके तिथेच आपण कच्चे आहोत. बॅटरीचे सेल मुख्यतः चीनमधून येतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि काही महिन्यांतच आपल्याकडील ई-दुचाकींच्या उत्पादनाला कात्री लागली. आखाताच्या जागी चीन आला, एवढाच फरक.

पर्याय घडवायचा तर संशोधन हवे, आणि संशोधनाचे खरे वैर असते ते स्वस्त तेलाशी. १९७३ च्या तेलसंकटाच्या काळात एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम बॅटरीचा पाया घातला. पुढे तेल स्वस्त झाल्यावर कंपनीने ते काम गुंडाळले. १९९१ मध्ये ही बॅटरी बाजारात आणली ती जपानच्या सोनीने, आणि २०१९ मध्ये व्हिटिंगहॅम यांना गुडइनफ व योशिनो यांच्यासह नोबेल मिळाले. भाव चढला की घाई आणि उतरला की विसर, ही सवय आपल्यालाही आहे. स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनासाठी २०१० मध्ये आपण कोळशावर उपकर बसवला. २०१७ पर्यंत त्यातून सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमले; त्यातले स्वच्छ ऊर्जा निधीत गेले जेमतेम ३० हजार कोटी आणि प्रकल्पांवर खर्च झाले सुमारे १६ हजार कोटी. जीएसटी आल्यावर तो उपकर राज्यांच्या भरपाईकडे वळला. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या हरित हायड्रोजन मोहिमेची तरतूद १९,७४४ कोटींची. त्यात संशोधनाचा वाटा ४०० कोटी, म्हणजे शंभरातले दोन रुपये.

यावर पहिला आक्षेप असा, की बाहेर तंत्रज्ञान स्वस्त मिळत असताना घरी चाक पुन्हा कशाला शोधायचे? यात तथ्य आहे. पॅनेल एकदा बसवले की पंचवीस वर्षे चालते, तेल मात्र रोज भरावे लागते. त्यामुळे आज पॅनेल आणि सेल विकत घेणे चूक नाही. पण आपली उष्णता, आपल्या दुचाकी, आपले खिसे लक्षात घेऊन बॅटरी दुसरे कोणी घडवणार नाही. सोडियम आपल्या मिठागरांत आहे, लिथियमचे तसे नाही. पुण्यात आयसर ही संशोधन संस्था आणि केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान विकसित केले, ते २०२३ मध्ये जाहीर झाले. तरतूद तोकडी असतानाही हे घडले, ही बाब बोलकी आहे.

दुसरा आक्षेप असा, की इथेनॉल हाताशी असताना नव्या पर्यायाची गरज काय? पेट्रोलमधील २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट आपण २०२५ मध्येच, ठरल्यापेक्षा पाच वर्षे आधी गाठले, हे यश मोठे आहे. पण पाऊस कमी झाला तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारलाच बंधने आणावी लागली. दुष्काळी महाराष्ट्रात पाणी पिऊन वाढणाऱ्या पिकावर इंधनाची भिस्त ठेवणे किती बेभरवशाचे, हे यातून दिसले. शिवाय इथेनॉल पेट्रोलची जागा घेते आणि देशात डिझेल खपते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक.

तिसरा आक्षेप, संशोधन फसू शकते. अर्थातच, बरेचसे फसेल. विहीर खोदतानाही प्रत्येक जागी पाणी लागत नाही. सरकारने २०२५ मध्ये संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली, ते स्वागतार्ह आहे. पण तिचा भर खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीची स्वस्त कर्जे देण्यावर आहे. दहा वर्षांनी फळेल की नाही हे न कळणारे काम कर्जावर कोणी करत नाही. त्यासाठी भावाच्या चढउतारांपासून सुरक्षित असा अनुदानाचा झरा हवा. केंद्राला पेट्रोल-डिझेलवरील शुल्कातून वर्षाला दोन लाख कोटींहून अधिक मिळतात. त्यातला रुपयामागे एक पैसा कायद्याने राखून ठेवला आणि दुसरीकडे वळवता येणार नाही अशी तजवीज केली, तर दरवर्षी दोन हजार कोटींहून अधिक रक्कम उभी राहील. हायड्रोजन मोहिमेतल्या संशोधनाच्या एकूण तरतुदीच्या पाचपट. तेल जळते आहे तोवर त्यानेच आपल्या पर्यायाचा खर्च उचलावा.