ताऱ्यांवर वस्ती : साध्य कीं स्वप्न ?

दूरच्या ताऱ्यांभोंवतीं पृथ्वीसारखे ग्रह सांपडल्याच्या वार्ता हल्लीं वरचेवर प्रसिद्ध होतात. त्या वाचून विद्यार्थ्यांच्या मनांत साहजिकच प्रश्न उभा राहतो कीं, आपणांस तेथें जातां येईल काय ? कांहीं जण याहि पुढें जाऊन म्हणतात कीं, ही पृथ्वी बिघडली तरी चिंता नको, दुसरी शोधतां येईल. पहिला प्रश्न उत्तम आहे. दुसरें म्हणणें आम्हांस घातक वाटतें. या दोहोंचा येथें थोडक्यांत विचार करूं.

प्रथम अंतर पाहूं. सूर्यापासून पृथ्वी सुमारें १५ कोटि किलोमीटर दूर आहे. हें अंतर एक फूट मानावें. सूर्य म्हणून ज्वारीचा एक बारीक दाणा अकोल्यास ठेवावा. पृथ्वी त्यापासून एका फुटावर, डोळ्यांस दिसूंहि नये इतकी सूक्ष्म. याच मापानें सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा, कोठें येईल ? थेट अमरावतीस ! नकाशावर सरळ रेषा ओढून मोजलें असतां हें अंतर सुमारें ८२ किलोमीटर भरतें. मनुष्य स्वतः आजवर चंद्राच्या परिसरापर्यंतच गेला आहे. ती मजल या मापांत एक मिलिमीटरहि होत नाहीं. १९७७ सालीं सुटलेलें व्हॉयेजर-१ हें यान मनुष्यानें घडविलेल्या वस्तूंत सर्वांत दूर गेलें आहे. तरी जवळजवळ अर्ध्या शतकांत तें अकोल्याच्या त्या दाण्यापासून सुमारें १७० फूटच पोंचलें. त्याचा वेग सेकंदास १७ किलोमीटर आहे. तें प्रॉक्सिमाच्या रोखानें निघालें असतें, तर तेथें जाण्यास त्यास सुमारें ७५,००० वर्षें लागलीं असतीं.

कोणी म्हणेल, वेग वाढवावा. वाढवावा खरा, पण त्याची किंमतहि पाहावी. प्रकाशाच्या एकदशांश वेगानें गेल्यास हा प्रवास सुमारें ४२ वर्षांत संपेल. परंतु १,००० टन वजनाच्या यानास तो वेग देण्यास जी ऊर्जा लागते, ती सर्व जग एका वर्षांत खर्च करतें त्या ऊर्जेच्या सुमारें तीन-चतुर्थांश आहे. आणि मुक्कामीं थांबावयाचें असेल तर तितकीच पुन्हां पाहिजे. शिवाय इंधन वाहून नेण्यासाठीं आणखी इंधन लागतें. हा हिशेब त्सिओल्कोव्हस्की या रशियन शाळामास्तरांनीं १९०३ सालींच मांडून ठेविला आहे. वाटेंतील धूळ ही निराळीच आपत्ति. त्या वेगांत एक मिलिग्रॅमचा कण यानावर आदळला, तर सुमारें १०० किलो स्फोटक द्रव्य उडाल्यासारखा आघात होईल. म्हणूनच २०१६ सालीं जी योजना जाहीर झाली, तींत माणसें नव्हतींच. कांहीं ग्रॅम वजनाचें यंत्र, पातळ शीड लावून, प्रकाशाच्या झोतानें ढकलावें असा तो बेत होता; तोहि अद्याप सिद्धीस गेलेला नाहीं.

आतां समजा, ही सर्व विघ्नें टळलीं. मग पोंचावयाचें कोठें ? प्रॉक्सिमाभोंवतीं फिरणारा एक ग्रह २०१६ सालीं सांपडला. त्यास ‘वस्तीयोग्य पट्ट्यांतील’ म्हणतात. पण या शब्दाचा अर्थ इतकाच कीं, तेथें हवा असल्यास व पाणी असल्यास तें पाणी द्रवरूप राहूं शकेल. तेथें हवा-पाणी आहे असें अजून कोणीं पाहिलेलें नाहीं. उलट त्याच्या ताऱ्यावर वारंवार प्रखर ज्वाळा उसळतात, हें मात्र दिसलें आहे. पाणी असणें आणि वस्ती होणें यांतील अंतर वऱ्हाडच्या मुलांस सांगावयास नको. आमच्या पूर्णेच्या खोऱ्यांत, अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतून पसरलेल्या खारपाण पट्ट्यांत, विहिरींस पाणी लागतें. पण तें पिण्यास चालत नाहीं व पिकासहि मानवत नाहीं. त्यासाठीं वान नदीच्या धरणाचें गोडें पाणी नळांतून दूरदूरच्या गांवांस न्यावें लागतें. ज्या ग्रहावर हवा, माती, पाऊस सर्व कांहीं अनुकूल, तेथेंहि एका खोऱ्याची तहान भागविण्यास इतका खटाटोप पडतो. मग जेथें श्वासहि बरोबर न्यावा लागेल, तेथें गांव वसविणें किती दुर्घट असेल, याचा वाचकांनींच विचार करावा.

आणखी एक गोष्ट पालकांनीं विशेष मनन करण्याजोगी आहे. प्रकाशाच्या शतांश वेगानें जाणाऱ्या यानास ४०० वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणजे निघणारे पोंचणार नाहींत. मधल्या पंधरा-सोळा पिढ्या यानांतच जन्मतील व यानांतच मरतील. त्यांना नदी नाहीं, शेत नाहीं, परत फिरण्याची वाट नाहीं. लेंकरांसाठीं आईबाप अनेक निर्णय घेतात, तें त्यांचें कर्तव्यच होय. पण न जन्मलेल्या नातवंडांस जन्मभर कोठडींत ठेवण्याचा अधिकार कोणासहि नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मग ताऱ्यांचा अभ्यास व्यर्थ आहे काय ? मुळींच नाहीं. शरीर जेथें जाऊं शकत नाहीं तेथें गणित व दुर्बीण जाते. सुमारें ३४० प्रकाशवर्षें दूर असलेल्या एका ताऱ्याचा ग्रह २००६ सालीं सांपडला. २०१९ सालीं त्यांना नांवें देण्याचा मान भारतास मिळाला. ताऱ्यास ‘बिभा’ व ग्रहास ‘संतमस’ हें नांव पडलें. त्यांपैकीं ग्रहाचें नांव पुण्यांतील एका तेरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें सुचविलें होतें. हा ग्रह आपल्या ताऱ्याभोंवतीं दोन दिवसांहून थोड्या अधिक काळांत फिरतो आणि भट्टीसारखा तापलेला आहे. तेथें राहावयास कोणी जाणार नाहीं. तरी शाळेंतल्या मुलाच्या बुद्धीची मजल तेथवर गेली, ही लहान गोष्ट नव्हे. मूल रात्रीं आकाशाकडे पाहूं लागलें, तर पालकांनीं त्यास रिकामटेकडें समजूं नये.

मे महिन्याच्या अखेरीस रात्रीं साडेदहाच्या सुमारास मोकळ्या शेतांत उभें राहून दक्षिणेकडे क्षितिजालगत पाहावें. ढग नसल्यास ‘मित्र’ नांवाचा तेजस्वी तारा दिसेल. प्रॉक्सिमा त्याचाच सोबती, पण नुसत्या डोळ्यांस न दिसणारा. मित्राचा जो प्रकाश त्या रात्रीं डोळ्यांत शिरेल, तो दहावीचा विद्यार्थी पांचवी-सहावींत असतांना तेथून निघालेला असेल. आमच्या शेजाऱ्याचें घर इतकें दूर आहे. विद्यार्थ्यांनीं त्याची ओळख अवश्य करून घ्यावी; पण आपलें घर मोडल्यास तेथें बिऱ्हाड करूं, या भरंवशावर राहूं नये. आपल्या वांट्यास आलेली जमीन, विहीर आणि हवा हींच राखलीं पाहिजेत. तीं राखण्यास जें शास्त्र लागतें, तेंहि ताऱ्यांच्या शास्त्राइतकेंच कठीण व तितकेंच मानाचें आहे.