मागच्या सीटवरचे काका



तुमच्या घरात कुणी इंग्रजी घेऊन बीए केलंय का? मग तुम्हाला ठाऊकच असेल. बँकेचा अर्ज, लग्नपत्रिकेतला मजकूर, सोसायटीची नोटीस, सगळं त्याच व्यक्तीने लिहायचं आणि तेही फुकट. आमच्या कुम्हारीत ती व्यक्ती म्हणजे मी.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात बाबा ड्यूटीवरून आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "काका तीस तारखेला रिटायर होतायत. मला बोलायला लावणार. दोन मिनिटांचं काहीतरी लिहून दे. हिंदीत."

काका म्हणजे भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमधले बाबांचे जोडीदार. पक्के छत्तीसगढी. आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून राहतात. पहिली पाळी असली की पहाटे पाचला बाबांची स्कूटर त्यांच्या दारात, असं सव्वीस वर्षं चाललंय. काकांना स्वतःला गाडी येत नाही. पण मागे बसून अख्खी गाडी तेच चालवतात. "खड्डा आहे, डावीकडे घ्या. घेतली नाही ना? बघा!"

मराठी ते त्या सीटवरच शिकले. फक्त लिंग काही जमलं नाही. "वहिनी, भाजी फार छान झाला." आई सांगते, "झाली." पुढच्या वेळी, "वहिनी, भात फार छान झाली."

आता तीस जूनच का, तेही ऐका. सरकारी नोकरीत किंवा सरकारी कंपनीत माणूस वाढदिवसाला निवृत्त होत नाही. ज्या महिन्यात साठ पूर्ण होतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी होतो. पण जन्म एक तारखेचा असेल, तर आधीच्याच महिन्याच्या अखेरीला घरी. काकांच्या शाळेतल्या गुरुजींनी दाखल्यावर सरळ १ जुलै लिहून टाकलं होतं. (तुमच्याही घरात एक जून किंवा एक जुलैचे दोन-तीन वाढदिवस निघतील, बघा शोधून!) काकांची आई सांगायची, पोरगा दिवाळीच्या आसपासचा. म्हणजे गुरुजींनी चार महिन्यांचा पगार खाल्ला, असं काका दरवर्षी जूनमध्ये न चुकता म्हणतात.

मी लिहायला बसले. मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख, कर्तव्यदक्ष. बाबांनी कागद वाचला आणि विचारलं, "हे कोण?"

"काका."

"हसतमुख? सकाळी आठच्या आत ते कुणाशी धड बोलत नाहीत."

कागद परत माझ्याकडे. मग मोबाईलवर शोधताना साताऱ्याच्या सुरेखा यादव यांच्या निवृत्तीची बातमी सापडली. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. जन्म २ सप्टेंबर १९६५चा आणि निवृत्ती ३० सप्टेंबर २०२५ला, म्हणजे नियम तोच. मला आवडलं ते असं, की त्यांच्याबद्दल लिहिताना विशेषणं लागतच नाहीत. नुसत्या गाड्या सांगायच्या. सुरुवातीला वाडीबंदर ते कल्याण मालगाडी. २००० साली मुंबईची महिला विशेष लोकल. मग घाटातल्या गाड्या. २०११च्या महिला दिनाला डेक्कन क्वीन. २०२३मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत. आणि निरोपाच्या महिन्यात इगतपुरी ते मुंबई राजधानी.

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्यांच्या गाडीखाली आपल्या भिलाईचा रूळ असणारच." रेल मिलच्या माणसाला गाडी दिसत नाही, रूळ दिसतो. दोनशे साठ मीटर लांबीपर्यंत जोडलेले रूळ इथून निघतात, हे आमच्या घरी पाहुण्यांना चहाच्या आधी सांगितलं जातं.

मी म्हटलं, "बाबा, काकांच्या अशा गाड्या सांगा ना मला."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पाय मोडला होता तेव्हाचं सांगू लागले. तीन महिने बाबा घरी होते. स्कूटर बंद, म्हणून काका एकटे लोकलने ड्यूटीवर जायचे. परत आले की घरी न जाता आधी बाबांच्या खाटेशी. आज कोणतं मशीन अडलं, कोण कुणावर ओरडलं, कँटीनमध्ये भाजी कोणती होती, सगळा अहवाल. मी तेव्हा चौथीत होते. मला वाटायचं, काका डबल चहा प्यायला येतात.

"परत कामावर गेलो तेव्हा एक दिवसही सुटलाय असं वाटलं नाही," बाबा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. तो स्वच्छच होता.

मी तेवढंच लिहून दिलं. तीस तारखेला बाबांनी कागद खिशातून काढला, चार वाक्यं बोलले आणि पाचवं त्यांना बोलता येईना. काका खुर्चीतून म्हणाले, "डावीकडे घ्या, खड्डा आहे." सगळा हॉल हसला.

आता जुलै सुरू आहे. बाबांना अजून तीन वर्षं आहेत. परवा पहिली पाळी संपून तास झाला तरी ते घरी आले नाहीत, म्हणून आईने मला बघायला पाठवलं. स्कूटर तीन गल्ल्या अलीकडे उभी होती. ओसरीवर काका बनियनमध्ये, समोर बाबा युनिफॉर्ममध्ये, हातात चहा.

"मग कँटीनमध्ये आज भाजी कुठला होता?"

"कुठली होती," बाबा म्हणाले. "दोडक्याची."